मदत हवी आहे: वहिनीच्या पहिल्या ट्रेल हाफला सोबत कशी करू?

नमस्कार मंडळी,

आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. डिसेंबरात सत्तरी तालुक्यात होणाऱ्या ट्रेल हाफ मॅरेथॉनला (डोंगर-रानातल्या पायवाटांवरची साधारण 21 किमीची शर्यत) माझ्या वहिनीने नाव दिलंय आणि मी तिच्या सोबतीने पळणार आहे. मी ट्रेल पळते, तिची ही पहिलीच. वय 42. रस्त्यावर 10 किमी न थांबता पळते, फर्मागुढीचा चढही दमाने काढते. डॉक्टरांना दाखवून झालंय.

अडचण सोबतीची आहे. मी पुढे असले की ती माझा वेग धरायला बघते, धाप लागली तरी बोलत नाही. मागे राहिले तर मी खोळंबते असं वाटून तीच वेग वाढवते. शेजारून पळावं तर काजूच्या बागेतली पायवाट एका माणसापुरतीच.

दुसरं म्हणजे उतार. जांभ्याचे सुटे खडे, त्यावर पाचोळा, पाय कशावर पडतोय ते दिसत नाही. गेल्या रविवारी ती मागे रेलून, टाचा रोवत उतरत होती आणि टाच सटकली. काजूची फांदी हाताला लागली म्हणून पडली नाही. तेव्हापासून उतार आला की तिचे खांदे ताठ होतात. ‘भिऊ नको’ म्हणून भीती जात नाही.

शिवाय हवा दमट, घाम वाळतच नाही. ती साधं पाणी भरपूर पिते, ओआरएसने तिला मळमळतं. मीठ घातलेलं कोकम सरबत चालेल का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिला थांबवायची वेळ आलीच तर ती कशी ओळखायची? ती स्वतः सांगणार नाही. घरीसुद्धा ताप अंगावर काढते.

प्रतिसाद १

चढाला वहिनींना पुढे घाला, उताराला तुम्ही पुढे व्हा. चढावर वेग त्यांचा राहील आणि उतारावर पाय कुठे टाकायचा ते तुमच्या पावलांवरून कळेल. मोठे चढ चालतच काढा, त्यात कमीपणा नाही.

‘कशी आहेस’ विचारू नका, ‘बरी आहे’ हेच उत्तर येणार. दुपारी हुमण (माशाची आमटी) कसलं करायचं ते विचारा. पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर ठीक, एकेक शब्द तुटत आला तर वेग उतरवा.

उताराला पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, नजर दोन-तीन पावलं पुढे. मागे रेललं की सगळा भार टाचेवर येतो आणि नेमकी तीच घसरते. पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरावर चढ चालत, उतार हळू पळत असा सराव करा. उतारावर मांड्या फार भरून येतात, त्यामुळे शेवटच्या दोन आठवड्यांत मोठा उतार नको.

प्रतिसाद २

घामातून मीठ जातं. वर नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घटतं, त्यानेही मळमळतं, डोकं दुखतं. तहान लागेल तसंच प्यायला सांगा. ओआरएसचं 1 लिटरचं पाकीट पूर्ण 1 लिटरातच कालवा, घट्ट झालं तर पोटाला सोसत नाही. मीठ-साखरेचं कोकम चालेल, पण आधी सरावात पिऊन बघा.

तोल जायला लागला, असंबद्ध बोलू लागल्या किंवा उन्हात थंडी वाजू लागली तर त्यांचं मत विचारायचं नाही. सावलीत बसवा, अंगावर पाणी ओता, स्वयंसेवकांना हाक मारा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. हुमणाचा प्रश्न लगेच वापरणार! रविवारी चंद्रनाथला जातोय. एकच राहिलं: वाटेत ओढे आहेत, तर मोजे बदलायला थांबावं का?

प्रतिसाद १

पुढे परत पाणी असेल तर नको. सुती मोजे टाळा, बोटांना आणि टाचेला आधीच व्हॅसलिन लावा. टाच चुरचुरायला लागली तर मात्र लगेच थांबून पट्टी लावा, फोड येईपर्यंत वाट बघू नका.