'सेकंड-पेरेंट अ‍ॅडॉप्शन'ला मराठीत काय म्हणाल?

ओवी
अमेरिकेतल्या समलिंगी जोडप्यांसाठीचं एक माहितीपत्रक मराठीत करतेय. वाचणार त्यांचे इकडचे आईवडील, म्हणून भाषा घरातली हवी. 'सेकंड-पेरेंट अ‍ॅडॉप्शन'पाशी अडले आहे. दोघी एकत्र राहतात, मूल एकीच्या पोटचं, दुसरी कोर्टामार्फत त्याच मुलाला दत्तक घेते आणि पहिलीचं आईपण जराही कमी होत नाही, असा तो प्रकार. मी 'दुसऱ्या पालकाने घेतलेले दत्तक' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'सावत्र पालकाने' केलं. त्यांचं म्हणणं, कायद्याच्या मराठीत पालक म्हणजे गार्डियन. १८९० च्या कायद्याचं नावच 'पालक व पाल्य अधिनियम' आहे. मुद्दा खरा आहे, पण 'सावत्र' माझ्याच्याने लिहवत नाही. काय करू?

कोशकिडा
'सावत्र' नकोच. सवत आणि सावत्र एकाच घरचे, दोन्ही 'सपत्नी'च्या कुळातले. एका नवऱ्याच्या दोन बायका असल्याशिवाय तो शब्द उभाच राहत नाही.

माझी खरी हरकत 'दत्तक'ला आहे. दत्त म्हणजे दिलेला. कुणी तरी देतो, त्याचा हक्क संपतो, मग दुसरा घेतो. १९५६ चा हिंदू दत्तक कायदाही हेच सांगतो, दत्तक गेलेल्याचं जन्मघराशी नातं तुटतं. इथे देतंय कोण? सोडतंय कोण?

याला धर्मशास्त्रात नेमका शब्द होता: द्व्यामुष्यायण. अमक्याचा आणि तमक्याचाही, दोन बापांचा मुलगा. बहुधा भाऊ भावाला एकुलता एक मुलगा देताना 'हा दोघांचा' असा करार करी आणि मुलगा दोन्ही घरांचा वारस राही. ५६ च्या कायद्यानंतर ती पद्धत गेली. शब्द रिकामा पडलाय, उचला.

पारंबी
कोशकिडा, शब्द सापडला याचा आनंद आहे, पण तो माझ्या आईला वाचून दाखवता येणार नाही. शिवाय तो पिंड आणि वाटणीसाठी घडवलेला, त्यात आया कुठेच नाहीत. 'दत्तक'मधलं देणं आता ऐकू तरी कुणाला येतं? शाळा गाव दत्तक घेते, कंपनी बाग दत्तक घेते. वापराने अर्थ पसरलाय, पसरू द्या.

कोशकिडा
पसरला नाही, पातळ झाला. बाग आणि बाळ एकाच क्रियापदाला जोडायची हे मला मान्य नाही.

औदुंबर
दत्त म्हणजे हातचं सोडलेलं, हे तरी कुठे खरं? दत्तमहाराज अत्रि-अनसूयेचेच, तरी नाव दत्त. देवाने 'मी स्वतःला तुम्हाला दिलं' म्हटलं, म्हणून. माझ्या मते दत्तकाचा मूळ भाव हाच. ही दुसरी आई स्वतःलाच मुलाला देते. तेव्हा 'दत्तक' अगदी बरोबर.

कोशकिडा
भाव सुंदर, व्युत्पत्ती नाही. स्वतःला देणारा तो स्वयंदत्त, मनुस्मृतीतल्या बारा प्रकारच्या पुत्रांत तो आहे. पण तिथे स्वतःला देतो तो मुलगा.

जुईचा वेल
मी त्या दोघींतली एक. न्यू जर्सीत राहते. आमचं लग्न झालंय, जन्मदाखल्यावर दोघींची नावं आहेत, तरी वकिलांनी दत्तक करून घ्यायला सांगितलं. दाखला ही नुसती नोंद. कोर्टाचा हुकूम मात्र दुसऱ्या राज्याला मानावाच लागतो. जॉर्जिया राज्यात झालेलं असंच एक दत्तक २०१६ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने अलाबामा राज्याला मानायला लावलं.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते कितीतरी वेळ गप्प. मग म्हणाले, "आपल्याच लेकराला दत्तक? म्हणजे ते तुझं नव्हतं असं आपणच लिहून द्यायचं?" पाच महिन्यांचा तो माझ्या मांडीवर, माझं बोट तोंडात धरून. मला उत्तर सुचेना. मग 'दत्तक' शब्दच टाकला आणि म्हटलं, "बाबा, कोर्टात माझं नाव लावून घ्यायचंय." क्षणात कळलं त्यांना. सातबाऱ्यावर नाव लावायला त्यांनी तलाठ्याकडे वर्षानुवर्षं खेटे घातलेत. "मग उशीर नको," म्हणाले. "कसत आलो तरी नाव नसलं की कुणीही येऊन उठवतं."

ओवी, तुमच्या पत्रकात माझ्या बाबांना कळेल असा शब्द असू द्या, एवढीच विनंती.

ओवी
हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. पण 'नाव लावणे' घेतलं तर जन्मदाखल्यावरचं नाव आणि कोर्टाचा हुकूम यांतला तुम्ही सांगितलेला फरकच पुसला जाईल ना?

पारंबी
'कोर्टातून आईपण लावून घेणे'?

कोशकिडा
आईपण 'लावून घेतात' का? ते आधीच आहे. कोर्ट फक्त मान्य करतं.

हिशेबनीस
मी तिकडचे टॅक्स रिटर्न भरतो. दत्तकाला काहीही म्हणा, पण ओवी, मसुद्यात 'जोडीदार' कुठे कुठे आहे ते आधी बघा. 'स्पाउस' आणि 'पार्टनर' दोन्हींना एकच शब्द वापरला असेल तर कराचा भाग उलटा होईल.

दत्तकाच्या खर्चावर फेडरल करात क्रेडिट असतं, २०२५ साठी मुलामागे जास्तीत जास्त १७,२८० डॉलर, उत्पन्नाची मर्यादा सांभाळून. पण लग्नाच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं मूल दत्तक घेतलं, तर तो खर्च कायदा धरतच नाही. लग्न नसलेल्या पार्टनरचं मूल घेतलं, तर तीच वकिलाची फी, तीच कोर्ट फी, आणि क्रेडिट मिळू शकतं. २०१३ पासून तिथलं करखातं समलिंगी लग्न मानतं, त्यामुळे हा नियम या जोडप्यांनाही तसाच लागतो. एक जोडपं माझ्याकडे पावत्यांचं पाकीट घेऊन आलं होतं, प्रत्येक पावतीवर पेन्सिलीने तारीख घातलेली. त्यांना सांगावं लागलं की लग्न झालेलं असल्याने यातलं काहीच चालणार नाही. 'जोडीदाराच्या मुलासाठीचा खर्च' असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

ओवी
बापरे. माझ्याकडे सात ठिकाणी जोडीदार आहे. 'सहचर' चालेल?

जुईचा वेल
मी सरळ 'माझी बायको' म्हणते. लग्न झालंय तिथे बायको, नवरा लिहा. नसेल तिथे 'लग्न न झालेला जोडीदार'. सहचर म्हटलं की आमचं लग्न पुन्हा धूसर होतं.

हिशेबनीस
याच्याशी मी पूर्ण सहमत. आणि क्रेडिटला काय लिहिलंय?

ओवी
करसूट.

हिशेबनीस
नको. वजावट उत्पन्नातून होते, क्रेडिट थेट करातून उणे होतं. २२ टक्के दराने १,००० डॉलरच्या वजावटीत २२० वाचतात, क्रेडिटमध्ये १,००० च्या १,०००. 'सूट' म्हटलं की वाचणाऱ्याला यातलं नेमकं कोणतं ते कळत नाही.

कोशकिडा
'वळते' घ्या. 'करातून वळती होणारी रक्कम'. पगारातून हप्ता वळता करतात, तेच.

पारंबी
पगारातून वळतं झालं की माझे पैसे जातात. इथे तर वाचतायत.

औदुंबर
आजोबांच्या खतावणीत 'मागील बाकीत वळते' असं मोडीत असायचं. ते गिऱ्हाइकाच्या भल्याचंच असे, बाकी तेवढी कमी व्हायची. हा 'वळ' म्हणजे गुरं वळण्यातलाच का?

कोशकिडा
तोच. गुरं वळणं, पाटाचं पाणी वळवणं, रक्कम वळती करणं, सगळं संस्कृत 'वल्'वरून, वळण घेणं. अंगावर उठणारा वळ मात्र याच कुळातला की वेगळा, यावर माझं मत अजून ठरत नाही. उद्या कोश काढून लिहितो.

पारंबी
वळ वेगळाच असणार. आमच्याकडे दोरीच्या पिळालाही वळ म्हणतात, तोही बघा.