तिसऱ्या वर्षाचं रेण्वीय जीवशास्त्र: सगळं पाठ आहे, पण पेपरात काहीच सुचत नाही

हिरवी_पेशी

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय जीवशास्त्र. पहिली दोन वर्षं अभ्यासाचा त्रास असा झालाच नाही. क्रेब्ज चक्राच्या पायऱ्या, समसूत्री विभाजनाच्या अवस्था, वर्गीकरण, सगळं वही मिटून धडाधड लिहून काढायचे. यंदा रेण्वीय जीवशास्त्र आणि वरचं जनुकशास्त्र घेतलं आणि पहिल्याच चाचणीत ४० पैकी १३ गुण मिळाले. वर्गात शिकवलेलं समजतं, पुस्तक वाचलं की तेही समजतं. पेपर समोर आला की मात्र सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

ज्या प्रश्नात पंचवीस मिनिटं गेली तो देते. ई. कोलाय या जिवाणूच्या पेशीत लॅक ओपेरॉनच्या, म्हणजे लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांच्या गटाच्या, दोन प्रती आहेत. पहिल्या प्रतीत आय जनुक (हा गट बंद ठेवणारा रिप्रेसर बनवणारं) धड आहे, ऑपरेटर (रिप्रेसर बसायची जागा) असा बिघडलाय की रिप्रेसर त्याला चिकटूच शकत नाही, आणि झेड जनुक (बीटा-गॅलॅक्टोसायडेज हे एन्झाइम बनवणारं) मोडकं आहे. दुसऱ्या प्रतीत आय मोडकं, ऑपरेटर आणि झेड धड. लॅक्टोज नसताना बीटा-गॅलॅक्टोसायडेज तयार होईल का? लॅक्टोज दिल्यावर (तेव्हा रिप्रेसर ऑपरेटरवरून उठतो)?

ओपेरॉनची आकृती मला झोपेतून उठवलं तरी काढता येईल. मी "दोन्ही वेळा तयार होईल" असं लिहिलं, कारण ऑपरेटर बिघडला की जनुक कायम चालू राहतं हे पाठ होतं. उत्तर चुकलं. रोज पाच तास बसते, त्याहून जास्त शक्य नाही. माझा अभ्यास कमी पडतोय की पद्धतच चुकतेय?

दोन_वर्षं_पुढे

तास वाढवू नकोस, मी वाढवून बघितले होते, फरक पडला नाही. मला उपयोग झाला तो जुन्या प्रश्नपत्रिकांचा. पण उत्तर शेजारी ठेवून वाचायचं नाही. कोरा कागद घ्यायचा, अडलं तरी दहा मिनिटं तिथेच बसायचं आणि मगच उत्तर बघायचं. आम्ही तिघं मिळून फळ्यावर सोडवायचो. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी फक्त "का?" विचारायचं. संज्ञांसाठी मात्र चिठ्ठ्या करच, नावं आठवण्यात वेळ जायला नको.

प्रयोगवही

मी हे दोन्ही विषय बरीच वर्षं शिकवते आहे, आणि तू लिहिलंस तसं दर वर्षी कुणीतरी हुशार, कष्टाळू मूल येऊन सांगतं. तुझा अभ्यास कमी नाही. पहिल्या दोन वर्षांत विचारतात "काय आहे?" आणि तिसऱ्या वर्षी विचारतात "हे कशावरून?" तू दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचं उत्तर देते आहेस.

डीएनएची प्रत बनताना प्रत्येक नव्या रेणूत एक जुना धागा आणि एक नवा धागा असतो, हे तुला पाठ असणार. आता पुस्तक मिटून सांग, हे कसं कळलं? मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ मध्ये जिवाणू जड नायट्रोजनवर, म्हणजे नायट्रोजन-१५ वर वाढवले, मग एकदम साध्या नायट्रोजन-१४ वर टाकले आणि डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात गरगर फिरवला, म्हणजे जड डीएनए खाली आणि हलका वर असे पट्टे दिसतात. एका पिढीनंतर बरोबर मधोमध एकच पट्टा दिसला. जुना रेणू अख्खा तसाच राहून नवा वेगळा बनत असता, तर एक जड आणि एक हलका असे दोन पट्टे दिसले असते. म्हणजे तो पर्याय तिथेच बाद. पण जुन्या-नव्याचे तुकडे दोन्ही धाग्यांत विखुरले जात असते, तरी पहिल्या पिढीत मधोमध एकच पट्टा दिसला असता! म्हणून दुसरी पिढी हवी. तेव्हा मधला आणि हलका असे दोन पट्टे निम्मे-निम्मे मिळाले आणि तिसरा पर्यायही गेला. "पहिल्या पिढीनंतर प्रयोग थांबवला असता तर काय सिद्ध झालं असतं?" हा माझा आवडता प्रश्न आहे. नुसत्या पाठांतरावर तो सुटत नाही, पण ही गोष्ट एकदा स्वतः रचली की आयुष्यभर विसरत नाही.

म्हणून प्रत्येक धड्यातल्या मोठ्या विधानापुढे दोन ओळी लिहीत जा: कोणत्या प्रयोगावरून कळलं, आणि काय दिसलं असतं तर हे विधान चूक ठरलं असतं. धडा संपायला दुप्पट वेळ लागेल. लागू दे.

कंट्रोल (तुलनेसाठी मुद्दाम ठेवलेला नमुना) म्हणजे काय, हे मला स्वतःला पुस्तकातून कळलं नव्हतं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात मी पीसीआर केला, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढल्या, आणि त्या पट्ट्यांच्या (बँडच्या) रूपात दाखवणारं जेल दिव्याखाली धरलं. माझ्या पाचही नमुन्यांत हवा तिथे लख्ख बँड! मी आनंदाने मार्गदर्शक बाईंना हाक मारली. त्यांनी एका शब्दाने शाबासकी न देता शेवटच्या लेनवर, म्हणजे जेलमधल्या शेवटच्या नमुन्याच्या रांगेवर, बोट ठेवलं. त्या नळीत डीएनएच्या जागी मी नुसतं पाणी घातलं होतं, आणि तिथेही तसाच बँड चमकत होता. कुठल्यातरी द्रावणात डीएनए मिसळला होता, म्हणजे पाचही बँडना काही अर्थ उरला नव्हता. तीन आठवड्यांचं काम गेलं. त्या दिवसापासून कुठलंही जेल बघताना माझी नजर आधी पाण्याच्या लेनकडे जाते. तूही शोधनिबंधातली आकृती बघताना आधी कंट्रोल शोध, मग मजकूर वाच.

आता तुझा ओपेरॉन. आकृती नको काढूस. दोन आडव्या रेघा काढ, दोन प्रतींच्या, आणि प्रत्येक घटकाला एकच प्रश्न विचार: हा पेशीत फिरतो, की जागेवरच बसून असतो? आय जनुकापासून बनणारा रिप्रेसर हे प्रथिन आहे, ते फिरतं, त्यामुळे दुसऱ्या प्रतीपर्यंतही पोचतं. ऑपरेटर हा डीएनएचा तुकडा आहे, तो स्वतःला जोडलेल्या जनुकांपुरताच. एवढ्यावर सोडवून बघ. जेकब आणि मोनो यांनी अशाच दोन प्रतींच्या जिवाणूंवरून १९६१ मध्ये हे चित्र मांडलं, तेव्हा रिप्रेसर कुणी वेगळा काढलेलाही नव्हता. तो हाती लागला १९६६ मध्ये.

आणि @दोन_वर्षं_पुढे, चिठ्ठ्यांना माझा विरोध नाही, पण त्या रोज अर्धा तास, त्याहून जास्त नाही. चिठ्ठी उलटली की अभ्यास झाल्यासारखं वाटतं, आणि नेमकं तेच या मुलीचं झालंय.

एटीपी_सिंथेज

बाईंच्या म्हणण्याला माझ्या विषयातली भर. मायटोकाँड्रियात एटीपी (पेशीचं इंधन) प्रोटॉनच्या उतारावर, म्हणजे पटलाच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनमधल्या फरकावर बनतं, हे मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलं, पण लोकांना पटायला बराच काळ गेला. मला स्वतःला ते पटलं यागेनडॉर्फ यांच्या १९६६ च्या प्रयोगाने. हरितलवकातली पटलं आधी आम्लात भिजवली, मग अंधारात आम्लारीधर्मी द्रावणात टाकून एडीपी आणि फॉस्फेट हा एटीपीचा कच्चा माल दिला. प्रकाशाचा किरणही नाही, तरी एटीपी तयार! हे वाचल्यावर "डीएनपी हे रसायन घातलं तर काय होईल?" हा प्रश्न पाठ करायची गरजच उरत नाही. पटल प्रोटॉनला गळकं झालं, उतार गेला, एटीपी थांबलं, पण ऑक्सिजनचा वापर चालूच, उलट वाढलेला.

हिरवी_पेशी

दोन रेघा काढल्या. पहिल्या प्रतीचा रिप्रेसर फिरत दुसऱ्या प्रतीच्या धड ऑपरेटरवर बसतो, म्हणून लॅक्टोज नसताना तिथलं झेड बंद. पहिलं झेड सतत वाचलं जातं, पण ते मोडकंच. म्हणजे लॅक्टोज नसताना एन्झाइम नाही, दिल्यावर आहे. बरोबर?

मग दोन्ही झेडची अदलाबदल करून पाहिली. आता बिघडलेल्या ऑपरेटरला धड झेड जोडलंय, म्हणून लॅक्टोज असो-नसो, एन्झाइम बनतंच. प्रती त्याच, फक्त जोड्या बदलल्या आणि उत्तर उलटं! हे मी इतके दिवस "ऑपरेटर सिस असतो" (म्हणजे स्वतःला जोडलेल्या जनुकांपुरताच) एवढंच पाठ केलं होतं.

प्रयोगवही

दोन्ही बरोबर. अदलाबदल तुझी तू केलीस, याचा मला जास्त आनंद झाला. आता हे घे: एका प्रतीतलं आय असं बदललंय की रिप्रेसर ऑपरेटरवर बसतो, पण लॅक्टोजचा निरोप त्याला कळतच नाही. दुसरी प्रत पूर्ण धड. काय होईल?

हिरवी_पेशी

तो फिरतो, म्हणून दोन्ही ऑपरेटरवर जाऊन बसेल आणि लॅक्टोज दिलं तरी उठणार नाही. एन्झाइम कधीच नाही. दुसऱ्या प्रतीचा धड रिप्रेसर उठून गेला तरी उपयोग नाही, कारण रिकाम्या जागेवर हा येऊन बसेल. म्हणजे हा बदल प्रभावी, दुसरी प्रत धड असली तरी याचंच चालतं.

आणि अशा पेशीत एखादा ऑपरेटर तुम्ही बिघडवलात, तर त्याला जोडलेलं झेड पुन्हा कायमचं चालू होईल, कारण तिथे कुठलाच रिप्रेसर बसू शकत नाही. हा प्रश्न मीच मला घातला.