मदत हवी आहे – सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीकडे कसं जायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्यात कोपरीला राहतो. आमच्या चाळीतल्या एका ताईंचे मिस्टर रिक्षा चालवायचे, दोन महिन्यांपूर्वी पाय मोडला आणि तेव्हापासून घरात कमाई शून्य, त्यात दोन मुलं शाळेत आणि भाडं थकलेलं. रेशनचे तांदूळ-गहू मिळतात पण तेल, डाळ, गॅस, औषधं हे सगळं कुठून आणायचं? चाळीतल्या आम्ही चार घरांनी मिळून एक महिना किराणा भरला, पुढे आम्हालाही झेपत नाहीये.

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने सांगितलं की चर्चमध्ये सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीचा गट असतो, १८३३ साली पॅरिसमध्ये कॉलेजच्या पोरांनी सुरू केलेली संस्था, त्यांचे लोक दोघं-दोघं घरी येतात, बसून नीट विचारपूस करतात आणि गरज बघून मदत करतात, धर्म बघत नाहीत. मला ही घरी येऊन बोलायची पद्धत फार आवडली, कारण ताई मानी आहेत, कुठे रांगेत उभं राहून मागणार नाहीत.

तर विचारायचं होतं की तलावपाळीजवळच्या चर्चमध्ये असा गट आहे का? आधी फादरना भेटायचं की ऑफिसमध्ये नाव द्यायचं? रेशनकार्ड, हॉस्पिटलचे पेपर न्यावे लागतील का? आणि ताईंच्या वतीने मी गेले तर चालेल? शाळा पुढच्या आठवड्यात सुरू होतेय, वह्या-पुस्तकं पण बाकी आहेत, कोणाला अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा 🙏