'फेअर' म्हणजे गोरा, रास्त की नुसतं बरं?

'फेअर' हे एकच इंग्रजी विशेषण, पण त्यासाठी मराठीत गोरा, रास्त, वाजवी, निष्पक्ष, बरा असे कितीतरी शब्द लागतात. त्यावरून एक शंका नेहमी निघते: इंग्रजांनी गोरेपणालाच न्याय्य ठरवलं की काय? तसं नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सुंदर, देखणा. त्यातून एक फांदी 'डाग नसलेला' म्हणजे निष्पक्षपणाकडे गेली. दुसरी गोऱ्या रंगाकडे गेली, कारण देखणं म्हणजे उजळ असं तिथेही मानत. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातींनी आणि क्रीमच्या ट्यूबांनी ही दुसरीच डोक्यात पक्की बसवली. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'ची 'ग्लो अँड लव्हली' झाली, इतकंच. आणि हो, ब्रिटिश माणूस एखादीला 'फेअर' म्हणतो तेव्हा तो पुष्कळदा तिच्या सोनेरी केसांबद्दल बोलत असतो.

सरकारी मराठीचं मात्र एकमत नाही. रेशनचं 'फेअर प्राइस शॉप' ते रास्त भाव दुकान. उसाच्या एफआरपीतल्या (फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस, कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर) 'एफ'चंही रास्तच: रास्त व किफायतशीर दर. पण २०१३ च्या भूसंपादन कायद्यात भरपाई 'वाजवी' झाली. मला हे खटकतं. रास्त हा फारसी शब्द, मूळ अर्थ सरळ, खरा. तो दर वरून ठरून येतो, त्यात घासाघीस नाही. 'वाजवी'ला मंडईचा वास आहे. भाजीवालीला आपण 'मावशी, वाजवी लावा' म्हणतो, 'रास्त लावा' कुणी म्हणत नाही. ज्याची जमीन जाणार आहे त्याच्या बाबतीत तरी भाषा घासाघिशीची नको होती. बाकी ऊसवाला शेतकरी या भानगडीत पडतच नाही. कारखान्याला ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचा नियम असतो, ते आले नाहीत की तो सरळ म्हणतो, 'एफआरपी थकली.'

खरी गंमत 'बरा'ची आहे. 'अ फेअर नंबर' म्हणजे बरेच, पण प्रगतिपुस्तकातला 'फेअर' शेरा म्हणजे बेताचाच. आपल्याकडेही 'बरेच लोक आले' यात भरपूर, आणि 'गाणं बरं होतं' यात नाक मुरडणं. 'फेअर इनफ'ला तर 'बरं, ठीक आहे' इतकं चपखल दुसरं काही नाही. त्यातही ज्ञानदेवांचा 'तो हा विठ्ठल बरवा' आठवा. बरवा म्हणजे सुंदर, आणि बरा त्याच कुळातला. म्हणजे देखणेपणापासून कामचलाऊपणापर्यंतची घसरगुंडी दोन्ही भाषांत सारखीच.

शाळेतली 'फेअर' वही म्हणजे खाडाखोड नसलेली, पक्की. हवामानातलं 'फेअर' म्हणजे पाऊस-वादळ नसलेलं, छान. जत्रेला म्हणतात तो 'फेअर' मात्र यांचा कुणी नाही. तो लॅटिनमधल्या सणासुदीच्या शब्दावरून आला, उच्चार तेवढा जुळला.