पट्टी हलते तेव्हा : इंजिन लावून मोठ्या लढती पाहण्याचे अनुभव

देवगडहून सुरुवात करतो.

१२ डिसेंबर २०२४. आंब्याला मोहर फुटायला लागला होता, बागेत फवारणी चालू होती आणि तिकडे सिंगापूरला बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदासाठी गुकेश आणि चीनचा डिंग लिरेन यांचा चौदावा, शेवटचा डाव अडीच वाजता सुरू झाला. गुण साडेसहा-साडेसहा. पंप गड्याच्या हाती देऊन मी मांगरात येऊन बसलो, कारण आमच्या बागेत रेंज येते ती फक्त मांगराच्या खिडकीत. गजाला फोन टेकवला. वर प्रक्षेपण, बाजूला स्टॉकफिशची, म्हणजे डाव तपासणाऱ्या संगणकी इंजिनाची, काळी-पांढरी पट्टी : पांढरं वाढलं की पांढऱ्या मोहऱ्यांचा खेळाडू पुढे, काळं वाढलं की काळ्यांचा.

पन्नास चाली उलटल्या तरी पट्टी मधोमध. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट. असे डाव बहुतेक वेळा बरोबरीत सुटतात. मी मनात दुसऱ्या दिवशीच्या टायब्रेकची, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या झटपट डावांची, तयारी करत होतो. पंचावन्नाव्या चालीला पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या डिंगने हत्ती एफ२ च्या घरात आणला आणि पट्टी एकदम काळी झाली. आधी वाटलं, रेंज गेली. मग आकडा पाहिला.

नुसत्या आकड्यावरून मला काही कळलं नाही. पट मांडून बघितलं तेव्हा कळलं. हत्तींची मारामारी झाली की काळ्याचा उंट डी५ ला येतो, आणि पांढऱ्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात अडकलेला असतो. त्याला जायला तोच एक तिरपा रस्ता, आणि त्याच रस्त्यात समोरचा उंट उभा. मारामारी टळत नाही. उंट गेले की उरतात राजे आणि प्यादी, आणि मग ते एक जास्तीचं प्यादं पुरतं. अठ्ठावन्नाव्या चालीनंतर डिंगने डाव सोडला. अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला.

पण मला सांगायचं आहे ते त्या मधल्या क्षणांबद्दल. मला कळलं होतं आणि गुकेशला अजून कळलं नव्हतं. तो पटाकडे बघत होता, मग त्याचे डोळे बदलले, त्याने पाण्याचा घोट घेतला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. गडी दारात येऊन विचारतो, "काय झाला? रडतास कित्याक?" मी म्हटलं, "आपलो झिल जिंकलो रे."

रात्री मात्र एक विचार डोक्यातून जाईना. पट्टी नसती तर मला ती चूक दिसली असती का? नसती दिसली. मग मी जे पाहिलं ते डावच पाहिला, की पट्टी पाहिली? म्हणून विचारतो. तुम्ही कसं पाहता? इंजिन चालू ठेवून की बंद? सविस्तर लिहा.

रत्नागिरी

मी सत्तरी ओलांडली आहे. १९९७ च्या मे महिन्यात डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन-अडीचने हरवलं, तेव्हा आम्हा चार-पाच जणांचा अड्डा एका दुकानाच्या ओट्यावर बसत असे. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चाली छापून आल्या तर आल्या, नाहीतर नुसता निकाल. चाली मिळाल्या की त्या वहीत उतरवायच्या, पट मांडायचा आणि भांडायचं. कोण बरोबर हे सांगायला कोणी नव्हतं. एकेका चालीवर आमचा वाद आठवडाभर चाले. आज वही उघडली की दिसतं, निम्म्या वेळा आम्ही सगळेच चुकलो होतो. तरी त्या वादात मी जेवढं शिकलो तेवढं नंतर क्वचितच शिकलो.

इंजिनाचा खरा अर्थ मला कळला तो १५ नोव्हेंबर २०१४ ला. रशियातल्या सोचीत आनंद-कार्लसन यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्याचा सहावा डाव. नातू सुट्टीला आला होता, त्याच्या लॅपटॉपवर इंजिन. मी शेजारी लाकडी पट मांडून. सव्विसाव्या चालीला कार्लसनने राजा डी२ ला नेला आणि नातू ओरडला, "आजोबा, आनंद जिंकला!" घोड्याने ई५ चं प्यादं मारायचं, एवढंच. मी ते मारून पाहिलं, पुढच्या दोन-तीन चाली मांडल्या, आणि खरंच, पांढऱ्याची, म्हणजे कार्लसनची, प्यादी एकेक करून पडायला लागली.

आनंदने साधारण मिनिटभर विचार केला आणि ए४ ला प्यादं सरकवलं. कार्लसन वाचला आणि पुढे तो डावही त्यानेच जिंकला.

नातू म्हणाला, "एवढं साधं दिसलं नाही त्यांना?" मी म्हटलं, "बाळा, तुलाही दिसलं नव्हतं. तुला दाखवलं." आनंद बचावाच्या विचारात होता, आणि समोरचा कार्लसन अशी ठोक चूक करेल असं कोणाच्याच मनात येत नाही. पाचव्या मिनिटाला चहा पिताना कोणी सांगितलं असतं की "इथे काहीतरी आहे", तर आनंदला ते दोन सेकंदांत दिसलं असतं. इंजिन पाहणाऱ्याला तेच सांगतं, की इथे काहीतरी आहे. खेळणाऱ्याला कोणीच सांगत नाही.

तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने आहेत. डावीकडे माझं मत, उजवीकडे यंत्राचं. डावीकडचा भरल्याशिवाय उजवीकडचा उघडत नाही. दहा वर्षांच्या वह्या चाळल्यावर माझा एक दोष मला लख्ख दिसला : वजीर गेल्यावर मी राजाला कोपऱ्यात लपवून ठेवतो, आणि यंत्र त्याला चालत मध्यावर आणायला सांगतं. हा दोष दाखवणारा गुरू मला आयुष्यात दुसरा भेटला नसता.

वेंगुर्ले

रेंजची अडचण असणाऱ्यांसाठी एक सूचना. व्हिडिओ बंद करा, फक्त चालींचं पान उघडं ठेवा. त्याला डेटा नगण्य लागतो. आणि इंजिन फोनमध्येच चालणारं घ्या, म्हणजे रेंज गेली तरी ते विचार करत राहतं. फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते, तेव्हा चार्जरला लावून उन्हाबाहेर ठेवायचा. पावसात लाइट जाते म्हणून मी पॉवर बँक भरूनच ठेवतो.

हर्णै

आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारलेल्या, घरातली माणसं घरात. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, त्या दिवसांत माझी अकरा वर्षांची मुलगी दिवसभर एकाच गोष्टीचं बोलत होती : जॉर्जियातल्या बटुमीला महिला विश्वचषकाची अंतिम फेरी, नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी. दोन्ही बाजूंनी आपल्याच मुली.

मला बुद्धिबळ येत नव्हतं. पट्टीमुळे मी ते पाहू शकले, हे मला अगदी मनापासून सांगायचं आहे. पांढरं वर गेलं की पांढरी मोहरी घेतलेली पुढे, काळं वाढलं की काळी घेतलेली. २८ जुलैला श्रावणातला पहिला सोमवार, उपास होता. टायब्रेकचा पहिला डाव बरोबरीत गेला. दुसऱ्यात दिव्या काळी मोहरी घेऊन बसलेली. शेवटी दोघींच्या घड्याळात सेकंद उरले, आणि ती पट्टी एकदा काळी, एकदा मधे, परत काळी. सासूबाई म्हणाल्या, "भरती-ओहोटी पण एवढ्या वेगाने होत नाही गं."

मुलगी मात्र पट्टीवर हात ठेवून बसली होती. म्हणाली, "आई, तू बघ, मला सांगू नको." ती पटाकडे बघून स्वतः शोधत होती. दिव्या जिंकली, आईच्या गळ्यात पडून रडली, आणि आमच्या घरात तिघी रडलो. हंपीसाठीही वाईट वाटलं, तीही लेकीची आई आहे.

आता मीही मुलीकडून शिकते आहे. घोडा अजून चुकतो माझा.

अलिबाग

माझं काम संगणकाचं, म्हणून आकड्यांबद्दल थोडं लिहितो, कारण इथे गैरसमज फार आहे.

+१ म्हणजे "पांढरा एका प्याद्याने पुढे" असं आपण पूर्वी म्हणायचो. स्टॉकफिशने २०२२ च्या शेवटी हे मोजमाप बदललं. आता +१ म्हणजे तितक्याच ताकदीच्या दोन इंजिनांमध्ये तो डाव झाला तर पांढरा जिंकायची शक्यता साधारण निम्मी. इंजिनांमध्ये, माणसांमध्ये नाही. म्हणून नुसता आकडा बघू नका, इंजिनाला त्याच्या पहिल्या तीन पसंतीच्या चाली, तीन ओळींत, दाखवायला सांगा. पहिली चाल ०, दुसरी ०, तिसरीही ० असेल तर खेळाडू निवांत आहे. पहिली ० आणि बाकीच्या दोन -४, -५ असतील, तर पट्टी मधोमध दिसते खरी, पण माणूस एका फळीवरून ओढा ओलांडतो आहे. हे कळल्यापासून मला "बरोबरीतले" डाव बघताना जास्त धडधडतं.

दुसरं, यंत्राला दिसलेली प्रत्येक गोष्ट माणसाने शोधायची नसते. २०१८ ला लंडनमध्ये कार्लसन-कारुआनाचा सहावा डाव. नॉर्वेतला एक बलाढ्य संगणक त्यावर सतत विचार करत होता आणि अडुसष्टाव्या चालीला त्याने सांगितलं, काळ्याने, म्हणजे कारुआनाने, उंट एच४ ला न्यावा, तिशीच्या वर चालींत मात आहे. त्यातली एक पायरी अशी, की घोडा स्वतःहून जी१ ला जाऊन बसतो, जिथून त्याला बाहेर पडायलाच जागा नाही. कुठलाही शिक्षक मुलाला त्या घरापासून लांब राहायला सांगेल. कारुआनाने ती चाल खेळली नाही, डाव बरोबरीत सुटला. कास्पारोव्ह तेव्हा म्हणाला होता, की ती चाल कोणी खेळला असता तर लोकांनी फसवणुकीच्या संशयाने मेटल डिटेक्टर मागवले असते. कारुआनाने विजय घालवला असं त्या रात्री कितीतरी लोक लिहीत होते. मला ते अजिबात पटलं नाही, आजही पटत नाही.

गुहागर तालुका

वरचं वाचून शाळेतलं सांगावंसं वाटलं. मी शिक्षक आहे. शाळा सुटल्यावर आठ-दहा मुलं थांबतात. गुकेशच्या सामन्याच्या वेळी वर्गात प्रोजेक्टर लावला, पट्टीसकट. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की मुलं पटाकडे बघतच नाहीत. सगळ्यांच्या माना डाव्या बाजूला. पट्टी हलली की आरडाओरडा, आणि लगेच "हा काय खेळतो, बेकार!" सातवीतला मुलगा, ज्याला अजून हत्ती-राजाची मात नीट देता येत नाही, तो जगज्जेत्याला बेकार म्हणतो. मला ते लागलं. मुलाची चूक नव्हती, मीच त्याच्या हातात उत्तरपत्रिका आधी दिली होती.

दुसऱ्या दिवशी वहीच्या पुठ्ठ्याची एक पट्टी कापली आणि भिंतीवर बरोबर त्या जागी चिकटटेपने लावली. नियम केला : प्रत्येकाने चिठ्ठीवर आपली चाल लिहायची आणि का ते एका वाक्यात. मग खेळाडूची चाल बघायची. सगळ्यात शेवटी पुठ्ठा उचलायचा.

वर्ग शांत झाला. एक मुलगी, कधी बोलत नाही अशी, तिने लिहिलं, "घोडा मागे. कारण पुढे त्याला बरं घर नाही." डिंगने घोडा मागे घेतला. पुठ्ठा उचलला, इंजिनाचीही तीच पहिली पसंती. त्या मुलीचा चेहरा मी विसरू शकत नाही. इंजिनाने तिला शाबासकी दिली, माझ्या शाबासकीपेक्षा ती तिला मोठी वाटली, आणि ते योग्यच होतं.

चिठ्ठ्या एका बरणीत जमा आहेत. बरणी जवळजवळ भरत आली.

रत्नागिरी, मिऱ्या

बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला असायचो. ३ डिसेंबर २०२१, दुबईत कार्लसन-नेपोम्नियाची, सहावा डाव. संध्याकाळी सहाला सुरू झालेला डाव रात्री पावणेदोनला संपला. १३६ चाली, जगज्जेतेपदाच्या इतिहासातला सगळ्यात लांब. शेवटी पटावर सातच मोहरी राहिली, तेव्हा इंजिनाचीही गरज उरली नाही. सात मोहऱ्यांपर्यंतची प्रत्येक मांडणी आधीच सोडवून ठेवलेली आहे, तक्ता उघडला की उत्तर तयार : बरोबरी. कार्लसनकडे हत्ती, घोडा, दोन प्यादी, समोर एकटा वजीर. तक्ता बरोबरी म्हणतो आणि हा माणूस आठव्या तासाकडे चाललेला असताना एकेक चाल ढकलतो आहे. शेवटी समोरच्याची एक चाल चुकली आणि तक्त्याचं उत्तर बदललं. पाळी संपायला अजून वेळ होता, पण झोप उडाली ती उडालीच.

सावंतवाडी

२०२५ च्या नोव्हेंबरात विश्वचषक गोव्यात होता. एवढ्या जवळ पुन्हा कधी येणार, म्हणून भावाला घेऊन गेलो, गाडीने थिवीपर्यंत आणि पुढे रिक्षाने. पुढे तो चषक उझबेकिस्तानच्या जवोखिर सिंदारोव्हने जिंकला, पण मी गेलो होतो ते सुरुवातीच्या एका फेरीला. फोन भावाकडे ठेवला आणि आत शिरलो.

वर्षानुवर्षं मी एकही मोठा डाव पट्टीशिवाय पाहिला नव्हता. आत पट, घड्याळं, मोहरी ठेवल्याचा बारीक आवाज. कोण पुढे आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. पहिली दहा मिनिटं मी अक्षरशः हरवलो होतो. मग एका पटासमोर थांबलो. एका खेळाडूचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता, दुसऱ्याने कान हातांनी झाकून घेतले होते. पाय हलवणाऱ्याकडे एक प्यादं जास्त होतं, पण त्याचा राजा उघडा पडला होता. मी तासभर तिथेच उभा राहून मोजत होतो : हत्ती इथे आला तर, उंटाने मारलं तर. शेवटी मला वाटलं, काळ्याला घोडा एफ४ ला टाकता येईल आणि मग पांढऱ्याचं काही खरं नाही. तो डाव संपायच्या आधी आम्हाला निघावं लागलं, परतीची गाडी होती.

थिवीच्या फलाटावर भावाने फोन काढला, तोच डाव उघडला. "बघ काय झालं, इंजिन काय म्हणतंय," म्हणून त्याने फोन माझ्यापुढे धरला. मी त्याच्या हातावर हात ठेवला. "थांब. मला काय वाटलं ते आधी तुला सांगतो." आणि गाडी येईपर्यंत तिकिटाच्या मागे पट काढून त्याला सांगत बसलो.