मदत हवी आहे: वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर, डॉक्टरांनी जनुकीय चाचणी सांगितली, घरात नको म्हणायलेत

परभणीकर२९

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसतं वाचायलो, लिहितोय पहिल्यांदाच. लांबेल, सांभाळून घ्या.

वडील ६१ वर्षांचे. आम्ही त्यांना दादा म्हणतो. एसटीत कंडक्टर होते. दिवाळीच्या आसपास अचानक शुगर निघाली. आमच्या घराण्यात कुणालाच शुगर नाही, तरी कुणाला शंका आली नाही. वजन उतरलं तेही शुगरच्याच नावावर गेलं. संक्रांतीला डोळे पिवळे झाले. रिवाजाप्रमाणं काविळीची माळ घातली. माळ वाढत वाढत बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली असं आमच्याकडं धरतात. माळ आली बेंबीपर्यंत, डोळे मात्र हळदीसारखेच. खाज इतकी की रात्री उठून दाराच्या चौकटीला पाठ घासायचे. तीन आठवडे त्या माळेत गेले.

परभणीत सोनोग्राफी, मग संभाजीनगरला सीटी, पित्ताच्या नळीत स्टेंट, बायप्सी. स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरवर डाग, म्हणजे ऑपरेशनचा विषय संपला. जेमसिटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल ही किमो चालू आहे, दोन सायकल झाल्या.

आता मुद्दा. डॉक्टरांनी मागच्या खेपेला विचारलं, घरात आणखी कुणाला कॅन्सर? मी सांगितलं, दादांची बहीण, म्हणजे माझी आत्या, ४३व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरनं गेली. त्यांनी लगेच ‘जर्मलाइन पॅनेल’, म्हणजे जन्मतः आलेले जनुकीय दोष शोधणारी रक्ताची चाचणी, लिहून दिली. लॅबवाला २२ हजार म्हणतो. पैशाचं मी बघतो, पण आई तयार नाही. धाकट्या बहिणीचं स्थळ बघणं चालू आहे. आईचं म्हणणं, घराण्यात दोष आहे असं कागदावर आलं की पोरीला कोण करून घेईल? आणि दादा तर आजारी पडलेलेच आहेत, आता चाचणी करून त्यांना काय मिळणार?

यावर माझ्याकडं उत्तर नाही. कुणी यातून गेलं असेल तर सांगा. पुढच्या बुधवारी किमो आहे, त्याच वेळी रक्त देता येईल म्हणतात.

उदगीरकर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चौथ्या स्टेजला असल्या चाचण्या म्हणजे लॅबची भर. त्या २२ हजारात दादांना चांगलं खाऊपिऊ घाला, बरोबर माणूस ठेवा. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही नको त्या तपासण्यांत पैसा घातला आणि शेवटी हाती फायलींचं गाठोडं राहिलं.

बिनसाखरेचा चहा

उदगीरकर, तुमचा अनुभव खोटा नाही, पण माझा उलटा आहे. माझी आई याच आजारानं गेली, मावशीला ओव्हरीचा. आईच्या वेळी कुणी चाचणीचं नावच काढलं नाही. ती गेल्यावर वर्षभरानं मी स्वतःची केली. निगेटिव्ह आली. पेढे वाटावेत असं वाटलं, तर काउन्सेलर म्हणाल्या, थांबा. आईत दोष होता आणि तुमच्यात आला नाही, की आईतही नव्हता आणि कारण वेगळंच आहे, हे तुमच्या एकटीच्या रिपोर्टवरून ठरत नाही. आईचं रक्त असतं तर ठरलं असतं. म्हणून आधी आजारी माणसाची करायची. मी आजही अर्धवट माहितीवर बसलेय.

मूळची नांदेडची

मी जेनेटिक काउन्सेलर आहे, सध्या पुण्यात. तुमचे डॉक्टर मी नव्हे, म्हणून ठोस निर्णय त्यांच्याशीच बोलून घ्या. पण आईंच्या दोन्ही प्रश्नांना उत्तरं आहेत.

दादांना काय मिळणार, हे आधी. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या साधारण १०० रुग्णांत ५ ते १० जणांमध्ये जन्मतः आलेला जनुकीय दोष सापडतो. बीआरसीए-२ आणि एटीएम या जनुकांतले दोष त्यांत जास्त वेळा दिसतात. शिवाय बीआरसीए-१, पीएएलबी-२, सीडीकेएन-२ए, लिंच सिंड्रोमची (आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) जनुकं. घरात आणखी कुणाला कॅन्सर नसला तरी काहींमध्ये सापडतो, म्हणून आता या कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाची चाचणी करावी असा अमेरिकेतल्या एनसीसीएन या कॅन्सर केंद्रांच्या संघटनेचा सल्ला आहे. तुमच्याकडं तर आत्याही आहे.

बीआरसीए किंवा पीएएलबी-२ मध्ये दोष निघाला तर गाठीच्या पेशींना तुटलेला डीएनए नीट सांधता येत नाही. अशा गाठी प्लॅटिनमच्या औषधांना, म्हणजे सिसप्लॅटिन किंवा ऑक्सालिप्लॅटिनला, जास्त दाद देतात. दादांना सध्या चालू असलेल्या दोन औषधांत प्लॅटिनम नाही. म्हणजे रिपोर्टवरून किमो बदलायची का, हा खराखुरा प्रश्न उभा राहतो. अर्थात ती औषधं अंगाला जड असतात, दादांची ताकद बघून डॉक्टर ठरवतील. पुढं ओलापॅरिब नावाची गोळी आहे. २०१९ च्या पोलो अभ्यासात, बीआरसीए दोष असलेल्या आणि किमान १६ आठवडे प्लॅटिनम घेऊन आजार आटोक्यात असलेल्या रुग्णांत, आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ३.८ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर गेला. एकूण आयुष्य मात्र त्यात ठळकपणे वाढलेलं दिसलं नाही. हेही सांगून ठेवते, नंतर कुणी फसवलं असं वाटायला नको.

उदगीरकर, पैशाबद्दल तुमचं रास्त आहे. पण ही चाचणी एकदाच होते, आणि घराण्यातला नेमका बदल एकदा कळला की बाकीच्यांची फक्त त्या एका जागेची चाचणी होते, ती बरीच स्वस्त पडते.

आता लग्नाचं. आत्या बापाकडची, म्हणून स्तनाच्या कॅन्सरचा धोका आपल्या मुलींना नाही, असा समज फार आहे. तो चुकीचा. दोष बापाकडूनही तितकाच येतो. प्रत्येक लेकराला, मुलगा असो की मुलगी, निम्मी शक्यता. आला म्हणजे कॅन्सर झालाच असंही नाही. बीआरसीए-२ असेल तर बाईनं २५व्या वर्षापासून स्तनांचं एमआरआय, ३० नंतर मॅमोग्राफीही. लेकरं झाल्यावर चाळिशी-पंचेचाळिशीत ओव्हरी काढण्याचा विचार. पुरुषानं ४० नंतर प्रोस्टेटकडं लक्ष. स्वादुपिंडाचं एमआरआय किंवा एंडोस्कोपीतून सोनोग्राफी साधारण पन्नाशीपासून. रिपोर्ट दादांच्या नावानं येतो. तो स्थळाला दाखवायची सक्ती कुणाची नाही. बहिणीनं स्वतःची चाचणी कधी करायची, करायची की नाही, हे तिनं ठरवायचं.

एक तिसरंही उत्तर येऊ शकतं: बदल सापडलाय पण त्याचा अर्थ लागत नाही. आपल्या लोकांचा डेटा कमी असल्यानं असे रिपोर्ट आपल्याकडं बरेच येतात. त्यावर कुणीही काही कापून घेऊ नका.

एक विचारते. घरात नात्यात लग्नं झालीत का?

परभणीकर२९

मॅडम, तुमचं सगळं आईला वाचून दाखवलं. आणि हो. मोठी ताई त्याच आत्याच्या मुलाला दिली आहे, जिंतूरला. मामाची पोरगी करायची हे आमच्याकडं ठरलेलंच. तीन वर्षांचं पोरगं आहे, ठणठणीत. दुसऱ्याचा विचार चाललाय. याचा काही संबंध?

मूळची नांदेडची

आहे, म्हणूनच विचारलं. घाबरू नका, सगळं जर-तर आहे. समजा दादांमध्ये बीआरसीए-२ चा दोष निघाला आणि आत्यातही तोच होता. मग तुमची ताई आणि तिचे यजमान, दोघांतही तो असू शकतो. दोघांत असेल तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता, की लेकराला दोन्हीकडून दोष जाईल. त्यातून फॅन्कोनी अ‍ॅनिमिया होतो. हाडांतला रक्त तयार करणारा मगज निकामी होतो आणि लहानपणीच कॅन्सरचा धोका असतो. पीएएलबी-२ मध्येही तेच. म्हणून दादांचा रिपोर्ट दुसऱ्या लेकराच्या आधी हातात आलेला बरा. काही निघालंच तर ताई आणि दाजी दोघांची चाचणी. आत्या नाहीत, पण त्यांचा मुलगा आहे. दादांना अलीकडं रक्त चढवलं असेल तर लॅबला आधी सांगा.

बिनसाखरेचा चहा

टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या खारघरच्या संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचं काम चालतं. आम्ही दुसरं मत तिथंच घेतलं होतं. देवगिरी एक्स्प्रेसनं गेलात तर ठाण्याला उतरून पनवेलची लोकल पकडा, सीएसटीपर्यंत जायची गरज नाही. जुने सगळे कागद न्या, आत्याचा बायप्सीचा रिपोर्ट कुणी जपला असेल तर तोही.

उदगीरकर

मागं घेतो माझं. ताईंचं मला माहीत नव्हतं.

परभणीकर२९

बुधवारी रक्त दिलं.

आई शेवटपर्यंत गप्पच होती. ताईच्या पोराचं सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाली, “मग आधी का नाही सांगितलंस?” दादांना मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले, “काढ म्हणाव. तांब्याभर तर लागत नाही ना?” आदल्या रात्री काउन्सेलरच्या फॉर्मवरचं घराण्याचं झाड त्यांनीच भरून घेतलं. कोण कितव्या वर्षी गेलं, कशानं गेलं, सगळं तोंडपाठ. आजीच्या नावापुढं मी ‘माहीत नाही’ लिहायलो तर म्हणाले, “पोटात गोळा होता, पाणी भरलं होतं. लिही.” हे मला २९ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

लॅबचा पोरगा नळी घेऊन निघाला तर दादांनी हाक मारून थांबवलं. “पावती?”

रिपोर्टला तीन-चार आठवडे लागतील. मॅडम, आता एकच विचारायचंय. दाजींना हे मी सांगू की ताईनं? त्यांची आई गेली तेव्हा ते बारावीला होते, त्या विषयावर ते कुणाशीच बोलत नाहीत.