एग-मोर्त तासाभरात उरकू नये

दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहराहून जाऊन एग-मोर्त हे तटबंदीचे गाव तासाभरात पाहून होते, असे काहीजण म्हणतात. तटावरच्या फेरीपुरते ते खरे असले, तरी कोन्स्तान्सचा बुरूज आणि तटाबाहेरची मिठागरे गाळली, तर त्या गावाला जाण्यात फारसे हशील नाही, असे मला वाटते. भूमध्य समुद्रावर स्वतःच्या ताब्यातले बंदर नसल्यामुळे फ्रान्सचा राजा नववा लुई याने या दलदलीत ते उभारले, आणि १२४८ मध्ये व पुन्हा १२७० मध्ये तो इथूनच धर्मयुद्धावर निघाला. सोळाशे मीटरांहून अधिक लांबीचा तट मात्र त्याच्या मुलाच्या आणि नातवाच्या कारकिर्दीत बांधला गेला.

बुरुजाच्या भिंती सहा मीटर जाड आहेत. पुढे तिथे प्रोटेस्टंट स्त्रियांना कोंडण्यात आले, आणि त्यांपैकी मारी द्युरां हिने १७३० पासून १७६८ पर्यंत, म्हणजे तब्बल ३८ वर्षे, धर्म न सोडता तिथे काढली. वरच्या दालनाच्या मधोमध जमिनीत गोल झरोका आहे. त्याच्या दगडी कठड्यावर कोरलेला, तिचा मानला जाणारा ‘प्रतिकार करणे’ या अर्थाचा एकच फ्रेंच शब्द वाकून, सावकाश वाचावा लागतो.

मिठागरांचे पाणी गुलाबी दिसते, ते त्यातील सूक्ष्म शैवालामुळे. दक्षिणेकडच्या तटावरून ती आणि मिठाचे पांढरेशुभ्र ढीग एकत्र दिसतात. मात्र वर सावली नाही, म्हणून उन्हाळ्यात ही फेरी सकाळीच करावी.